दूध, दात आणि चिमटा

सकाळी ६:१५
आटपाडीत दुकानांची शटरं अजून खाली आहेत. डॉक्टर मोटारसायकलच्या पिशवीत सामान भरतात. बर्डिझोचा लोखंडी चिमटा, लिग्नोकेनची बाटली, टिंक्चर आयोडीन, जाड दोर, शिंप्याकडची टेप. पेट्रोल दोनशेचं. मागं बसणाऱ्या पोराची हजेरी चारशे, जेवण वेगळं. आज आटपाडीतून म्हसवडकडं, म्हणजे सांगलीतून साताऱ्यात. माणदेशाला ही हद्द कधी फारशी जाणवलीच नाही.

७:३०
खरसुंडीजवळची वस्ती. दावणीला खिलार खोंड, दोनदाती.

"आता ठेचून टाका डाक्टर. औताला आवरंना झालाय."

मालकानं इतके दिवस मुद्दाम वाट पाहिली. वृषणातून येणाऱ्या टेस्टोस्टेरॉनवर मान भरते, वशिंड उठतं. वासरपणीच खच्ची केलं तर हाडांची टोकं उशिरा जुळतात. पाय लांबतात, खांदा मात्र हलका राहतो. औताला खांदा लागतो.

दोर टाकून खोंड पाडतात. तिघं घामाघूम. पाय बांधले की डॉक्टर वृषणाच्या वरच्या नाडीभोवती भूल देतात आणि घड्याळ बघत बसतात. मालकाला घाई आहे. डॉक्टर हलत नाहीत.

मग चिमटा. डावी नाडी बोटांनी पिशवीच्या कडेला घ्यायची, दांडे मिटायचे. ऊस मोडावा तसा बारीक आवाज येतो. दहापर्यंत मोजायचं. बोटभर खाली पुन्हा एकदा. मग उजवी, पण डावीच्या रेषेत नाही, जरा वरखाली. दोन्ही खुणा एका रेषेत आल्या तर कातडीचं रक्त तुटतं आणि पिशवी सडते. कातडी फाटत नाही, रक्ताचा थेंब नाही. आतल्या रक्तवाहिन्या तेवढ्या चेंगरल्या. महिना-दीड महिन्यात गोळ्या वाळून जातील.

तीनशे सांगितले, अडीचशे मिळाले. वर चहा.

१०:००
मेंढ्यांचा वाडा. माडग्याळी जातीची दोन नर कोकरं, एकाच आठवड्यात जन्मलेली, आता आठ महिन्यांची. कळपाला एकच ठेवायचं आहे. डॉक्टर मागून हात घालून दोन्ही गोळ्या खाली ओढतात आणि सगळ्यात रुंद जागी टेप फिरवतात. एकाचं माप २७ सेंटिमीटर, दुसऱ्याचं २२.

"ह्याची आई आटली होती का?"

"व्हय. महिन्यातच आटली. तुमास्नी कुणी सांगितलं?"

डॉक्टर टेप गुंडाळतात. २७ वाला राहील. दुसरा बाजारात जाईल. शंभर रुपये.

१२:१५
बोकड, दीड महिन्याचा. मावशींना तो आजच खच्ची करून हवा आहे. डॉक्टर नको म्हणतात. इतक्या लवकर केलं तर मूत्रनळी अरुंद राहते, पुढं खडा अडकला तर लघवी तुंबून जनावर मरतं. "अजून दोन महिन्यांनी येतो, मावशी." इथं काहीच मिळालं नाही. येण्याजाण्याचं पेट्रोल गेलं.

२:००
म्हसवडच्या अलीकडं झाडाखाली भाकरी, मटकी, कांदा. पोरगा बैलगाडा शर्यतीचं बोलतो. २०१४ ला बंदी आली, डिसेंबर २०२१ ला उठली. शर्यतीच्या खोंडाला चिमटा लावायला कुणी बोलवत नाही.

३:३०
एक गोऱ्हा, देखणा, पण एकच गोळी उतरलेली. गाईच्या पोटात असतानाच ती खाली यायला हवी. वृषणातलीच दोन संप्रेरकं तिला उतरवतात, इन्सुलिनसदृश ३ आणि टेस्टोस्टेरॉन. मालक म्हणतो, दिसतीय ती ठेचा, झालं. डॉक्टर चिमटा बाहेरच काढत नाहीत. आतली गोळी शरीराच्या उष्णतेत बीज करू शकत नाही, टेस्टोस्टेरॉन मात्र करत राहते. जनावर वांझ होईल आणि मारकंही राहील. वळू म्हणूनही तो ठेवू नये, दोष पिलांत उतरू शकतो. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शस्त्रक्रिया होऊ शकते, ते सांगतात. मालक टेम्पोचं भाडं विचारतो आणि गप्प होतो.

६:००
परतीची वाट. शेवटची वस्ती. खिलार गाय, तीन महिन्यांचा गोऱ्हा. वहिनी धारेला बसल्यात. घरचा विचार हा गोऱ्हा वळू म्हणून ठेवायचा आहे, म्हणून डॉक्टरांना बोलावलंय.

डॉक्टर बरगड्यांवरून हात फिरवतात. दिवसभरात पहिल्यांदाच ते सलग बोलतात. मेंदूखालच्या ग्रंथीतून ह्याच महिन्यांत, साधारण दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत, एलएच नावाच्या संप्रेरकाची लाट येते. बीजाला पोसणाऱ्या पेशी वयात येण्याआधीच वाढतात, नंतर त्यांची संख्या थांबते. वासरू उपाशी असलं तर लाट दबते. पुढं पेंड घालून अंग भरतं, पण ह्या महिन्यांची तूट पूर्ण भरून येत नाही. कॅनडात विदेशी गोऱ्ह्यांवर हे तपासून पाहिलंय.

हे ऐकताना मेंढ्यांच्या वाड्यातली ती टेप आठवते. वळू निवडायला लोक दात बघतात, शिंगं बघतात, चाल बघतात. तोवर बरंचसं ठरून गेलेलं असतं.

"वहिनी, दोन सड ह्याला सोडा."

"दोन? गाय देती अडीच लिटर. डेअरीत काय घालू?"

"मग एक पूर्ण सोडा. आणि धार काढायच्या आधी सोडा, नंतर नको."

"किती दिवस?"

"सहा महिन्यांचा होईस्तोवर."

वहिनी बोटांवर हिशेब करतात. लिटरचा भाव, पेंडीचं पोतं, पोराची फी. मग म्हणतात, "संध्याकाळचा एक सोडीन. सकाळचं जमायचं न्हाई."

डॉक्टर मान हलवतात आणि वहीत तारीख लिहून घेतात. तपासणीचे पन्नास. वहिनी गोऱ्ह्याचं दावं सोडतात.