जीवाश्मांचा बाजार : तारक की मारक?

अफझलगंजहून नौबत पहाड काही फार दूर नाही. तेथील बिर्ला विज्ञान केंद्रात उभा असलेला डायनोसॉरचा सांगाडा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याचे नाव कोटासॉरस यमनपल्लीएन्सिस. गोदावरीच्या खोऱ्यात, तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील यमनपल्ली येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने ही हाडे खणून काढली व १९८८ साली पी. यादगिरी यांनी या प्राण्याचे शास्त्रीय नामकरण केले. निदान १२ प्राण्यांची हाडे तेथे मिळाली. कवटी मात्र मिळाली नाही. कवटीपैकी हाती आले ते अवघे दोन दात. समजा, या हाडांवर आधी एखाद्या व्यापाऱ्याची नजर गेली असती, तर? आज आपण हा सांगाडा पाहू शकलो असतो काय?

जीवाश्म विकावेत की विकू नयेत, हा वाद जगभर चालू आहे. दोन्ही पक्षांचे म्हणणे समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की हा व्यापार नवा नाही व परकाही नाही. आपल्या देव्हाऱ्यातील शाळिग्राम म्हणजे बहुधा नेपाळातील गंडकी नदीत सापडणारा अमोनाइट या सागरी प्राण्याचा जीवाश्मच होय. त्यावरील चक्र ही त्या प्राण्याच्या शिंपल्याची खूण. पिढ्यान्‌पिढ्या तो डोंगरातून घरोघरी पोहोचला आहे.

व्यापाराच्या बाजूने बोलणारे म्हणतात, की उघडा पडलेला जीवाश्म ऊनपावसाने झिजून जातो किंवा खाणीतील दगडाबरोबर त्याची खडी होते. सर्वत्र पोहोचण्याइतके मनुष्यबळ सरकारी संस्थांपाशी नसते. ज्याला चार पैसे मिळतील तो डोळे उघडे ठेवील. इंग्लंडमधील मेरी ॲनिंग (१७९९–१८४७) ही गरीब घरची बाई जीवाश्म विकूनच पोट भरीत असे. तिच्या शोधांनी प्राचीन सागरी सरीसृपांच्या अभ्यासाला चालना दिली. पक्षी व सरीसृप यांना जोडणारा आर्किओप्टेरिक्स जर्मनीत सापडला, तोही १८६२ साली ब्रिटिश म्युझियमने एका संग्राहकाकडून ७०० पौंडांस घेतलेल्या संग्रहातूनच लंडनला आला. हे म्हणणे सहज झटकून टाकता येण्याजोगे नाही.

परंतु दुसरी बाजू अधिक वजनदार आहे. पुण्याजवळच्या वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट कोणत्याही देशात नेला तरी त्याचे रासायनिक घटक बदलत नाहीत. जीवाश्माचे तसे नाही. तो कोणत्या थरात, कशाशेजारी, कोणत्या दिशेने पडला होता, ही त्याची जन्मपत्रिका असते. ती हरवली की उरतो तो केवळ शोभेचा दगड.

याचे उत्तम उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील आहे. तेथील शेतांत डायनोसॉरच्या काळातील विष्ठेचे दगड झालेले गोळे मिळतात. दिवाणखान्यात मांडावे असे त्यांत काहीच नाही. पण भारतीय व स्वीडिश संशोधकांनी त्यांतील वनस्पतींचे सूक्ष्म सिलिकाकण तपासले आणि २००५ साली दाखवून दिले, की डायनोसॉर पृथ्वीवर असतानाच गवताच्या अनेक जाती अवतरल्या होत्या. तोवर गवत इतके जुने असेल असे मानले जात नव्हते. हे गोळे कोठले व कोणत्या थरातले, हे ठाऊक नसते तर हा निष्कर्ष निघालाच नसता.

दुसरा दोष बनावटीचा. चीनमध्ये निरनिराळ्या प्राण्यांचे तुकडे चिकटवून तयार केलेला 'आर्किओरॅप्टर' अमेरिकेच्या बाजारात विकला गेला आणि १९९९ साली पक्ष्यांच्या उत्क्रांतीतील दुवा म्हणून गाजलाही. पुढे ते सोंग उघडे पडले. अखंड नमुन्याला भाव अधिक, म्हणून तुकडे जोडण्याचा मोह!

तिसरा दोष किमतीचा. 'स्यू' नावाचा टिरॅनोसॉरस १९९७ साली ८३ लाख ६० हजार डॉलरना लिलावात गेला. उद्योगसंस्थांनी मदत केली म्हणून तो शिकागोच्या संग्रहालयाला घेता आला. २०२० साली 'स्टॅन'ची किंमत ३ कोटी १८ लाख डॉलरवर गेली. इतका पैसा कोणत्या विद्यापीठापाशी आहे? शिवाय खाजगी तिजोरीतील नमुना पुन्हा तपासता येत नाही. आणि पुन्हा तपासता येणे हा तर शास्त्राचा पाया आहे.

आपल्याकडील १९७२ चा पुरावस्तू कायदा प्रामुख्याने माणसाने घडविलेल्या वस्तूंसाठी आहे. भूवारसा स्थळे व भू-अवशेष यांच्या रक्षणासाठी केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये एका विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. परंतु नुसती बंदी घातल्याने भागणार नाही. बंदीने चोरबाजार वाढतो. ज्याच्या शेतात जीवाश्म सापडला त्याला योग्य बक्षीस व श्रेय मिळावे, खाणीत विपुल सापडणाऱ्या सामान्य शिंपल्यांना मुभा असावी, आणि पृष्ठवंशी प्राण्यांचे व दुर्मिळ नमुने मात्र सार्वजनिक संग्रहालयातच जावेत, असा मध्यम मार्ग हितावह वाटतो.

विद्यार्थ्यांनाही करण्यासारखे पुष्कळ आहे. सहलीत हाडासारखा दगड दिसला तर तो उचलू नये. छायाचित्र घ्यावे, गाव, ओढा, थर यांची टिपणे करावीत, आणि भूशास्त्राच्या प्राध्यापकांना किंवा हैदराबादेतील भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवावे. कोटासॉरसची कवटी कदाचित अजूनही गोदाकाठच्या मातीत असेल. ती ज्याला दिसेल त्याने खिसा नव्हे, वही उघडावी.