काळजाची झडप

हातपंपाची झडप झिजली की पाणी मागे जाते. आपल्या काळजातही अशा ४ झडपा आहेत. लहानपणी सांधे धरून ताप आला असेल, तर एखादी झडप अधू राहते. पुढे किडक्या दातातले जंतू रक्तात शिरतात आणि तिच्यावर ठाण मांडतात. झडपेला भोकही पडते. ताप हटत नाही, दम लागतो. लोक दुकानातल्या गोळ्या खातात. तिथेच घात होतो! औषधाआधी रक्त तपासले तर जंतू सापडतो, नंतर तो लपतो.

दवाखान्यात 'इको' काढतात. दुखत नाही बरं का! विहिरीत हाक मारली की ती परत येते ना? तसाच, कानाला न ऐकू येणारा आवाज झडपेवरून परत येतो. पडद्यावर झडप हलताना दिसते, तिच्यावरचा जंतूंचा गोळाही डोलताना दिसतो. मग शिरेतून औषध, बहुधा ४ ते ६ आठवडे.