वाऱ्याचा वेग सांगताना उंची का सांगावी?

नवी दिल्ली - १५ ऑगस्टच्या सुमारास जुन्या दिल्लीतील गच्च्यांवर पतंग उडविणाऱ्यांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. गच्चीलगत पतंगाला बरेच झटके द्यावे लागतात. मात्र भोवतालच्या घरांच्या वर गेल्यावर तोच पतंग दोर आपसूक खेचू लागतो. विद्यार्थ्यांना पवनऊर्जा शिकविण्याचा प्रारंभ येथूनच करता येतो.

जमिनीलगतच्या हवेला झाडे, इमारती आणि खुद्द भूपृष्ठ अडवीत असते. उंची वाढते तसा हा अडथळा क्षीण होतो. हवामान खात्याचे वेगमापक सर्वसाधारणपणे १० मीटर उंचीवर असतात, तर आजच्या मोठ्या पवनचक्क्यांचा अक्ष १०० मीटर वा त्याहून अधिक उंचीवर असतो. मोकळ्या, सपाट प्रदेशात उंची दहापट झाली की वेग सुमारे १.४ पट होतो, असा ठोकताळा आहे. म्हणजेच खाली ताशी ११ किलोमीटर वाहणारा वारा वर ताशी १५ किलोमीटरच्या आसपास असतो. फरक किरकोळ वाटेल. परंतु वाऱ्यापासून मिळणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती सुमारे २.७ पट होते.

एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात पवनचक्कीसाठी ताशी १५ किलोमीटरहून अधिक वेग हवा, असे सांगितले होते. २०२३ च्या पुस्तकात ऊर्जास्रोतांचे ते प्रकरण राहिले नाही. पण तो आकडा आजही अनेकांच्या स्मरणात आहे आणि 'कोणत्या उंचीवर?' हा प्रश्न त्यासोबत विचारला नाही, तर तो अपुराच ठरतो. चेन्नई येथील राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार देशाची पवनऊर्जा क्षमता १२० मीटर उंचीवर सुमारे ६९५ गिगावॅट, तर १५० मीटर उंचीवर सुमारे १,१६४ गिगावॅट आहे. महाराष्ट्रापुरते हेच आकडे सुमारे ९८ आणि १७४ गिगावॅट असे आहेत. भूमी तीच, मनोरा तेवढा ३० मीटरने उंच.

तथापि वरील ठोकताळा पाठ करून भागत नाही, आणि हे समजावून देण्यास दिल्लीसारखे दुसरे शहर क्वचितच मिळेल. हिवाळ्यातील निरभ्र रात्री येथील जमीन वेगाने थंड होते. तिला लागून असलेली हवा गार व जड होऊन तळाशी बसते, तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो आणि दोहोंचे मिश्रण जवळपास थांबते. अशा वेळी खाली पानही हलत नाही. वरचा वारा मात्र जमिनीच्या घर्षणातून सुटल्याने जोरात वाहू शकतो. दुपारी उन्हाने हवा ढवळली जाते आणि वरखालच्या वेगांतील अंतर घटते. केवळ १० मीटरवरील रात्रीच्या नोंदींवर विसंबणारा अभियंता त्या जागी वाराच नाही, असा निष्कर्ष काढून मोकळा होईल. दिल्लीचा धूर हिवाळ्यात तळाशी कोंडतो, त्यालाही हाच स्थिर थर मोठ्या प्रमाणात कारणीभूत असतो.

शाळेत हा प्रयोग दोन साध्या वेगमापकांनी करता येईल. एक मैदानावर, दुसरा गच्चीवर. एकाच वेळी, पहाटे आणि दुपारी. गच्चीवरील यंत्र मात्र कठड्याला टेकवून ठेवू नये. इमारतीला आदळून वर उसळणारी हवा तेथे भलताच वेग दाखविते, म्हणून उंच काठीचा आधार घ्यावा. वहीत वेगाच्या रकान्याआधी उंचीचा आणि वेळेचा रकाना आखावा.