चित्र बघायला तिकीट लागत नाही

महालक्ष्मी सरसला स्टॉल लावायला आपल्याकडचा एखादा तरी गट मुंबईला जातोच. वांद्र्याच्या मैदानात दिवसभर भाकरी थापायची, पापड-चटण्या विकायच्या, आणि शेवटच्या रात्री गाडीत बसून झोपी जायचं. गावात सांगायचं, राजधानी बघून आलो. बघितलेलं असतं फक्त मैदान.

एका वर्षी आम्ही पाचजणींनी परतीची गाडी रात्रीची धरली आणि दिवस मोकळा ठेवला. लोकलने चर्चगेटला उतरलो आणि विचारत विचारत काळा घोडा भागात चालत गेलो. तिथं पूर्वी घोड्यावर बसलेल्या इंग्रज राजाचा काळा पुतळा होता. 1965 साली तो हलवला, पुढं भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला, पण जागेचं नाव तेच राहिलं. मग 2017 मध्ये तिथं नुसता काळा घोडा उभा केला, पाठीवर राजाबिजा कुणी नाही. मला हे फार आवडलं.

त्याच रस्त्यावर जहांगीर आर्ट गॅलरी आहे. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभी राहिलेली, 1952 पासून चालू. दाराशी मात्र आमचे पाय अडले. तिकीट किती असेल, चपला काढायच्या का, कुणी हटकलं तर काय सांगायचं? बाहेर फूटपाथवर चित्रं मांडून एक पोरगा बसला होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, जा की आत. फुकट आहे."

आत गेल्यावर कळलं, हे तर आपल्या सरससारखंच आहे. आपण स्टॉल घेतो, चित्रकार भिंत घेतो. त्याने आधी अर्ज करायचा, निवड व्हायची, मग नंबर लागायची वाट बघायची, आणि तीही थोडीथोडकी नाही, काही वर्षांची असते. हॉल मिळतो साधारण आठवड्यासाठी, त्याचं भाडं भरायचं. चित्राखाली नाव आणि कधी किंमतही असते. शेजारी लाल टिकली चिकटवलेली दिसली तर समजायचं, ते विकलं गेलं. चित्रकार बहुतेक वेळा तिथंच खुर्ची टाकून बसलेला असतो, गिऱ्हाइकाची वाट बघत, आपल्यासारखाच. त्याला खुशाल विचारा, हे काय काढलंय, किती दिवस लागले. आम्ही विचारलं, तर तो खुश झाला. दोन चित्रं मला काहीच कळली नाहीत. ती नाही कळली तरी चालतं, पुढच्या भिंतीकडं जायचं.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगते. ठाणे-पालघरकडच्या वारली पाड्यांवर लग्न निघालं की सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात. गेरूने किंवा शेणाने सारवलेली भिंत, त्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, आणि मधोमध पालघट देवी. लग्नाच्या चौकाचं हे काम पिढ्यान्पिढ्या बायकांचं. 1970 नंतर भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार त्या पाड्यांवर गेले, कागद-रंग दिले आणि चित्रं शहरात आणली. जहांगीरच्या इमारतीत तेव्हा वरच्या मजल्यावर केमोल्ड नावाची वेगळी गॅलरी होती. तिथं 1975 मध्ये जिव्या सोमा मशे यांच्या वारली चित्रांचं प्रदर्शन लागलं. पुढं ती चित्रं परदेशात गेली आणि 2011 साली मशे यांना पद्मश्री मिळाली. माणूस मोठाच, त्यांच्या रेषेला तोड नाही. पण ज्या बायकांनी भिंती लिहिल्या, त्यांची नावं कुठं आहेत? भिंत पुन्हा सारवली की चित्र गेलं, आणि नाव तर कधी लिहिलंच नव्हतं. आपण गोधडी शिवतो, रांगोळी काढतो, रुखवत मांडतो. त्यावर तरी कुठं आपलं नाव असतं? मी तेव्हापासून गोधडीच्या कोपऱ्यात दोऱ्याने नाव घालते. गिऱ्हाईक विचारतंही, हे कुणाचं नाव.

गॅलरी सकाळी 11 ते संध्याकाळी 7 उघडी असते. शेजारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, त्याला तिकीट आहे आणि अर्धा दिवस लागतो, म्हणून तिथं सकाळीच जा. नाटक बघायचं तर दादरचं शिवाजी मंदिर स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे. कुठलं नाटक कधी, ते पेपरच्या जाहिरातीत बघायचं.

निघताना दाराजवळच्या टेबलावर अभिप्रायाची वही दिसली. आमच्यातल्या मावशी साक्षरता वर्गात सही शिकलेल्या. त्यांनी बराच वेळ घेऊन नाव लिहिलं, खाली गाव, त्याखाली गटाचं नाव. मग मला म्हणाल्या, "चित्र चांगलं आहे, एवढं तू लिही."