एका मशीनमध्ये दहा सर्व्हर

मी दरेकसाचा. आमच्याकडे किराणा दुकानाचे सगळे स्टोरेज म्हणजे उधारीची वही. पण डीमार्टसारखी 2002 साली पवईत एका दुकानाने सुरू झालेली साखळी मार्च 2024 मध्ये 365 दुकानांवर गेली, तिथे वही कसली पुरणार?

अशा वाढत्या धंद्यात बिलिंग, स्टॉक, हिशेब यांना वेगवेगळी मशीन घेत गेलो तर बरीचशी नुसती बसून वीज खातात. म्हणून हायपरवायझर! हे सॉफ्टवेअर (उदा. 2007 पासून लिनक्समध्येच असलेले केव्हीएम) एकाच मशीनची मेमरी नि प्रोसेसर अनेक सर्व्हरना वाटून देते.

खरी गोम पुढे आहे. ते मशीन बसले की सगळेच बसले! त्यामुळे डेटा बाहेर, सामायिक स्टोरेजवर ठेवतात; मग तेच सर्व्हर शेजारच्या मशीनवर पुन्हा उठतात. स्टोरेजमध्ये डिस्कच्या जोड्या असल्या तरी चुकून पुसलेली नोंद दोन्हीकडून जाते, तेव्हा रोजचा बॅकअप वेगळ्याच जागी हवा.