नाडी लागत नाही, तरी माणूस ठणठणीत

मनगटावर बोटं ठेवली तर नाडी लागत नाही. घरच्या यंत्रावर रक्तदाबही नीट येत नाही. तरी माणूस समोर बसून चहा पीत गप्पा मारतो आहे! हृदयात ‘एलव्हीएडी’ हा यांत्रिक पंप बसवलेल्या अनेक रुग्णांच्या घरी हे रोजचंच दृश्य असतं.

हृदय फारच अशक्त झालं, की हा पंप त्याच्या डाव्या कप्प्यातलं रक्त ओढून महाधमनीत सोडतो. आताच्या पंपाचं चक्र मिनिटाला हजारो फेरे घेतं. रक्त अखंड वाहत राहतं, म्हणून ठोका जाणवत नाही. अशा रुग्णाचा रक्तदाब डॉप्लर यंत्राने मोजतात. काहींसाठी हा पंप प्रत्यारोपणापर्यंतचा आधार असतो. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष डिक चेनी यांना तो २०१० मध्ये बसवला आणि २०१२ मध्ये त्यांच्यावर हृदय प्रत्यारोपण झालं. काहींना मात्र तो आयुष्यभर सांभाळावा लागतो.

शस्त्रक्रिया सर्जन करतात. पुढची राखण घरच्यांची. पंपाची वायर पोटाच्या त्वचेतून बाहेर येते आणि जंतुसंसर्गाचा मोठा धोका तिथेच असतो. हात स्वच्छ धुऊन, मास्क लावून, शिकवल्याप्रमाणेच ड्रेसिंग करावं. वायरला हिसका बसू देऊ नये. लाली, पू किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी रुग्णालयाला कळवावं. पोहणं बंद, अंघोळही डॉक्टरांना विचारूनच.

दुसरी काळजी विजेची. दोन बॅटऱ्यांपैकी एका वेळी एकच बदलायची. दोन्ही एकदम काढल्या तर पंपच थांबेल. चार्ज केलेल्या जादा बॅटऱ्या आणि सुटा कंट्रोलर कायम सोबत हवा. वीज जाण्याची वेळ सांगून येत नाही.

पंपात गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी चुकवू नये आणि आयएनआर तपासणी वेळेवर करावी. मेथी-पालक खायला हरकत नाही, पण प्रमाण रोज सारखं ठेवावं. वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नये. शौचाला काळं झालं तर रक्तस्राव असू शकतो. एमआरआय करता येत नाही.

असा रुग्ण बेशुद्ध पडला, तर नुसती नाडी पाहून निष्कर्ष काढू नये. छातीला कान लावून पंपाची गुणगुण ऐकावी, वायर आणि बॅटऱ्या तपासाव्यात, तातडीने मदत बोलवावी. शेजाऱ्यांनाही हे आधीच सांगून ठेवावं. ऐन वेळी दारात पहिले तेच पोहोचतात.