झोपेचे औषध देण्यापूर्वी : वसई-विरारच्या रुग्णांची निद्रा, व्यायाम आणि मनःस्वास्थ्य

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ होत, हे आयुर्वेदाच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असते. व्यायामाचे गुणही आपण रुग्णांना नित्य सांगत असतो. तरीही या विषयावर पुन्हा लिहिण्याचे धाडस करीत आहे. विरार येथील माझ्या चिकित्सालयात ‘झोप येत नाही, काहीतरी द्या’ असे म्हणत येणारे रुग्ण रोज भेटतात. त्यांपैकी एकाच्या बाबतीत माझ्या हातून जी चूक झाली, ती व्यवसायबंधूंपुढे मांडणे मला कर्तव्य वाटते.

रुग्ण चाळिशीच्या आतबाहेरचे, मुंबईत फोर्ट भागातील एका कचेरीत हिशेबनीस. रात्री झोप उशिरा लागणे, डोके जड राहणे, मलावष्टंभ, चिडचिड आणि कशातच मन न लागणे, अशा तक्रारी होत्या. वातप्रधान निद्रानाश असे निदान करून मी तिळतेलाचा पादाभ्यंग, रात्री दूध व अश्वगंधा चूर्ण सांगितले. त्यासोबत ब्राह्ममुहूर्तावर उठून बारा सूर्यनमस्कार घालावेत, असा उपदेशही केला. उपदेश शास्त्रोक्त होता, म्हणून मी निश्चिंत होतो.

दीड महिन्याने जवळच्या आयुर्वेदीय औषधालयाचे मालक मुद्दाम भेटीस आले. म्हणाले, “डॉक्टर, तुमचे ते पेशंट दर आठवड्याला सर्पगंधेच्या गोळ्या नेतात. चिठ्ठी तुमची दिसत नाही. तुमच्या कानावर आहे ना?” माझ्या कानावर काहीच नव्हते. मी रुग्णास सपत्नीक बोलावले. त्यांची पत्नी म्हणाली, “हे पहाटे साडेचारला उठतात. दोन-तीन नमस्कार घालतात आणि मग तसेच भिंतीशी बसून राहतात. आपण नसतो तर बरे झाले असते, असे परवा म्हणाले.”

तेव्हा कोठे मी पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला : “तुमची गाडी कितीची?” उत्तरावरून हिशेब असा निघाला की, हे गृहस्थ सकाळी साडेसहाला घर सोडतात, रात्री साडेनऊला परततात आणि जेवण वगैरे आटोपून बाराला पाठ टेकतात. पूर्वी ते साडेपाचला उठत, म्हणजे साडेपाच तास झोप होती. माझ्या उपदेशाने ती साडेचार तासांवर आली. ज्याची झोप कमी होती, त्याच्याच झोपेतून मी व्यायामासाठी एक तास कापून घेतला होता.

निद्रानाशाची पाच कारणे

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात निद्रानाशाची पाच कारणे सांगितली आहेत : कार्य, काल, विकार, प्रकृती आणि वात. आपण वैद्य बहुधा यादीच्या शेवटी असलेल्या वाताकडे थेट धाव घेतो. आपल्या शहरात मात्र यादीतील पहिली दोन कारणे प्रथम तपासली पाहिजेत.

विरारहून मुंबईकडे गाडी 1867 साली सुरू झाली. आज विरार ते चर्चगेट हे सुमारे 60 किलोमीटरचे अंतर जलद गाडीनेही सव्वा ते दीड तासाचे आहे. घर ते स्थानक आणि स्थानक ते कचेरी हा वेळ निराळा. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या 12 लाखांवर होती. त्यांतील कामासाठी मुंबई गाठणाऱ्या नोकरदाराच्या बाबतीत ‘कार्य’ म्हणजे केवळ कचेरीतील काम नव्हे, प्रवासही त्यात धरावा लागतो.

‘काल’ या कारणाचेही आपल्या भागात अनेक प्रकार दिसतात. आगाशी परिसरातून फुले घेऊन दादरच्या बाजारास जाणाऱ्या बागायतदाराचा दिवस मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात सुरू होतो. अर्नाळा व पाचूबंदर येथील कोळीबांधवांचे कामाचे तास भरती-ओहोटीबरोबर रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकतात. वालीव, सातिवली, गोखिवरे येथील कारखान्यांतील कामगाराची पाळी बदलली, की रात्रीचा दिवस होतो. शरीरातील पेशींना स्वतःचे असे घड्याळ असते. ते कोणत्या यंत्रणेने चालते, याचा शोध लावणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या तीन शास्त्रज्ञांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले. या सर्वांना ‘पहाटे चारला उठा’ हा एकच उपदेश करणे म्हणजे कालाचा विचार न करता औषध देण्यासारखेच आहे.

सातव्या अध्यायाची शिकवण

सूत्रस्थानाच्या ‘न वेगान्धारणीय’ या सातव्या अध्यायात निद्रा, व्यायाम आणि मन हे तीनही विषय एकाच ठिकाणी आले आहेत. निद्रेचा वेग न रोखण्याचा आदेश तेथे आहे, आणि शोक, भय, क्रोध यांसारखे मनाचे वेग धारण करण्याचा उपदेशही तेथेच आहे. व्यायामाची प्रशंसा केल्यावर, तो कोणी करू नये हेही आचार्य स्पष्ट सांगतात. त्या यादीत भारवहनाने व प्रवासाने कृश झालेले आहेत, आणि क्रोध, शोक, भय व श्रम यांनी ग्रासलेलेही आहेत. माझा रुग्ण या दोन्ही वर्गांत बसत होता. शिवाय सवयीच्या असल्या तरी ज्या गोष्टींचा अतिरेक करू नये, अशांच्या यादीत व्यायाम, प्रवास आणि रात्रिजागरण ही तीनही नावे एकत्र आली आहेत. अष्टांगहृदयाने व्यायामास अर्धशक्तीची मर्यादा घातली आहे. अपुऱ्या झोपेच्या मनुष्याची अर्धशक्ती किती, याचा विचार मी केला नव्हता.

येथे एक शंका कोणीही घेईल. आधुनिक संशोधन तर खिन्नतेत व्यायाम हितकर म्हणते! अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात ब्लुमेंथाल व सहकाऱ्यांनी पन्नाशीपुढील 156 रुग्णांवर केलेला अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला. 16 आठवड्यांच्या शेवटी व्यायाम करणारा गट आणि सर्ट्रालीन हे औषध घेणारा गट यांच्या सुधारणेत लक्षणीय फरक आढळला नाही. औषधाचा गुण मात्र प्रारंभी लवकर दिसला. मग शोकग्रस्ताने व्यायाम टाळावा, हे चरकमत बाजूस ठेवावे काय?

माझ्या अल्पमतीप्रमाणे येथे विरोध नसून मात्रेचा भेद आहे. त्या अभ्यासातील रुग्ण देखरेखीखाली, ठरावीक प्रमाणात, सोबतीने व्यायाम करीत होते. झोप मोडून एकट्याने केलेली ओढाताण ती नव्हे. सुश्रुताचार्यांनीही चिकित्सास्थानात व्यायामाव्यतिरिक्त ‘चंक्रमण’ स्वतंत्रपणे वर्णिले आहे. शरीरास फार पीडा न देणारे चालणे आयुष्य, बल, मेधा व अग्नी यांस हितकर असते, असा त्याचा आशय आहे. खचलेल्या रुग्णाची सुरुवात येथूनच व्हावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्यास 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रम सुचविले आहेत, आणि काहीच न करण्यापेक्षा थोडेही करणे बरे, असे तेथे आवर्जून म्हटले आहे.

निद्रा व मन यांचे नातेही दुहेरी आहे. मन बिघडल्याने झोप जाते, हे आपण जाणतो. झोप सुधारल्याने मन सुधारते, याचाही पुरावा आता उपलब्ध आहे. ब्रिटनमधील 26 विद्यापीठांतील 3,755 निद्रानाशग्रस्त विद्यार्थ्यांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यात झोपेसंबंधीच्या सवयी व विचार सुधारण्याची उपचारपद्धती वापरली होती. त्यामुळे झोप तर सुधारलीच, शिवाय संशयग्रस्तता व भास यांचे प्रमाणही घटले. मात्र झोपेची तक्रार हे मोठ्या मनोविकाराचे पहिले दार असू शकते, हेही विसरता कामा नये. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 12 राज्यांतील 10.6 टक्के प्रौढांत मनोविकार आढळले, आणि खिन्नतेच्या सुमारे 85 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. असे रुग्ण मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यापूर्वी आपल्याच दारी येतात, आणि ‘मन खचले आहे’ असे न म्हणता ‘झोप येत नाही’ असे म्हणतात.

व्यवहारात काय करावे?

त्या प्रसंगानंतर मी जी पद्धत अवलंबिली, ती नम्रपणे पुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, नाडी पाहण्याबरोबरच रुग्णाचे चोवीस तास कागदावर मांडावेत : गाडी, पाळी, जेवण, चहा, मोबाइल व निद्रा. प्रौढास किमान सात तास झोप हवी. तेवढा अवकाशच दिवसात नसेल, तर तो प्रथम निर्माण करावा. आधी झोपण्याची वेळ अलीकडे आणावी, उठण्याची नंतर पाहावी.

दुसरी, बदल एकदम करू नये. अहितकर सवय चतुर्थांशाने सोडण्याचा व हितकर सवय त्याच क्रमाने लावण्याचा मार्ग सातव्या अध्यायातच आहे. झोपण्याची वेळ दर आठवड्यास 15 मिनिटांनी अलीकडे आणणे बहुतेकांना साधते.

तिसरी, गाडीतील डुलकीस दोष देऊ नये. नालासोपाऱ्याचे अनेक प्रवासी आधी विरारला उलट येऊन बसावयास जागा मिळवितात, ते काही उगाच नव्हे. चरकाचार्यांनी बसल्या बसल्या घेतलेल्या डुलकीस ‘आसीनप्रचलायित’ असे नाव देऊन ती रूक्षही नाही व अभिष्यंदीही नाही, असे म्हटले आहे. प्रवासाने थकलेल्यास सर्व ऋतूंत दिवानिद्रेची मुभा आहे. रात्रपाळी करणाऱ्यांसाठी वाग्भटाचार्यांचा नियम उपयोगी आहे : जितका काळ जागरण झाले, त्याच्या निम्मा काळ सकाळी जेवणापूर्वी झोपावे. मात्र संध्याकाळी परतताना दीर्घ डुलकी झाल्यास रात्रीची झोप लांबते, हे प्रवाशास सांगावे.

चौथी, व्यायाम दिवसाच्या जागी बसवावा. स्थानकाहून शेअर रिक्षाऐवजी 15 मिनिटे चालत घरी येणे, रविवारी सकाळी राजोडी, कळंब किंवा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर कोवळ्या उन्हात सोबतीने फिरणे, एवढ्याने आरंभ होतो. आपल्या शहरात 2011 पासून महापौर मॅरेथॉनची परंपरा आहे, तिचा उत्साह स्तुत्यच. परंतु खिन्न, अल्पनिद्र रुग्णास पहिल्याच महिन्यात जीवदानीच्या पायऱ्या चढावयास लावू नये.

पाचवी, पुढील लक्षणे असता केवळ दिनचर्येवर विसंबू नये : दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेली उदासी, पहाटे फार लवकर जाग येऊन तेव्हाच मन सर्वाधिक खिन्न असणे, वजन घटणे, मरणाचे विचार. त्याचप्रमाणे झोप कमी होऊनही अतिउत्साह व बेसुमार खर्च दिसल्यास, किंवा मोठ्याने घोरणे व दिवसभर पेंग येणे असल्यास, तज्ज्ञाकडे पाठवावे. मरणाचे विचार येतात काय, असे सरळ विचारण्यास संकोचू नये. विचारल्याने ते विचार बळावत नाहीत. रुग्णाचा जीव हलका होतो. 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली ‘टेली-मानस’ ही शासकीय सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. तो क्रमांक चिकित्सालयात दर्शनी लावावा. मनोविकारावरील चालू औषधे आपल्या सल्ल्याने एकाएकी बंद होणार नाहीत, याचीही काळजी घ्यावी.

औषधालयमालकांस विनंती

सर्पगंधेचा इतिहास आपणांस अभिमानास्पद आहे. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 साली तिच्यावर लेख लिहिला, आणि मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली उच्च रक्तदाबावरील तिचे गुण जगापुढे मांडले. परंतु तिच्यातील रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांत खिन्नता वाढल्याच्या नोंदी 1950 च्या दशकात झाल्या. तो कार्यकारणभाव पुढे वादाचा ठरला, तरी खिन्न रुग्णास ती न देण्याची सावधगिरी आजही पाळली जाते. माझ्या रुग्णाने नेमकी तीच निवडली होती. अश्वगंधाही सर्वांस सरसकट निर्धोक नाही. थायरॉइडचे विकार, यकृताचे विकार व झोपेची अन्य औषधे चालू असता ती वैद्याच्या सल्ल्यानेच द्यावी. ॲलोपॅथीतील अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांसारख्या गोळ्या 1 मार्च 2014 पासून एच-1 अनुसूचीत आहेत. चिठ्ठी व नोंदवहीवाचून त्या देता येत नाहीत. वनौषधीस असे कडक बंधन नाही, म्हणून तेथे विक्रेत्याची जबाबदारी अधिक आहे. तेच गिऱ्हाईक दर आठवड्यास झोपेचे औषध मागू लागले, तर ‘कोणत्या वैद्यांकडे जाता?’ एवढा प्रश्न अवश्य विचारावा.

तो प्रश्न त्या दिवशी एका औषधालयमालकाच्या मनात आला, म्हणूनच हा लेख लिहिता आला. रुग्णाची सर्पगंधा थांबविली, आणि त्यांना त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविले. तेथील औषधे सुरू झाली. पहाटेचे सूर्यनमस्कार मी स्वतः बंद करविले आणि तो तास त्यांना झोपेसाठी परत दिला. पादाभ्यंग त्यांची पत्नी करू लागली. झोपण्याची वेळ हळूहळू पावणेअकरापर्यंत आली. संध्याकाळचे चालणे सुरू झाले. सुमारे तीन महिन्यांनी ते आले, तेव्हा स्वतःहून म्हणाले, “डॉक्टर, आता गाडीत भजनाच्या डब्यात चढतो. टाळ वाजवायला घेतलेत मला.”

सूर्यनमस्कार ते आता घालतात, पण फक्त रविवारी, झोप पूर्ण झाल्यावर.